पायथॉन ८५ टक्के

उरलेले १५ टक्के कुठे गेले?

बायोडेटा आता दुरंगी येतो. डावीकडे गडद निळा रकाना, त्यात गोल फोटो, आणि फोटोखाली आडव्या पट्ट्या. पायथॉन ८५ टक्के. जावा ९०. सी प्लस प्लस ८०. एचटीएमएल ९५. सगळ्यात खाली टीमवर्क ९८, कारण ते कोणी तपासत नाही. पट्टी भरत भरत जाते आणि उजव्या टोकाला बोटभर पांढरी जागा उरते. ती नम्रतेची. शंभर लिहिलं तर आगाऊपणा दिसतो, सत्तर लिहिलं तर फोन येत नाही. म्हणून अख्खी पिढी ८० ते ९५ च्या मध्ये दाटीवाटीने राहते आहे.

माझी अडचण त्या पांढऱ्या जागेची आहे. ८५ टक्के येतं असं सांगायला आधी शंभर टक्के म्हणजे किती हे ठाऊक हवं. म्हणजे आपल्याला जे येत नाही त्याची हद्द हा बायोडेटा पाठवणाऱ्या मुलाने मोजून आणली आहे! भल्याभल्यांना हे आयुष्यभर जमत नाही, याला सातव्या सेमिस्टरला जमलं. सी प्लस प्लसचंच घ्या. या भाषेचं प्रमाण ठरवणारा दस्तऐवज दीड हजार पानांहून मोठा आहे. त्याच्या ८० टक्के म्हणजे निदान बाराशे पानं याची झाली. मग राहिलेली तीनशे कुठली? सलग राहिली की मधली मधली? की टेम्प्लेट्सचा अख्खा भागच ऑप्शनला टाकला? आणि पायथॉन ८५ म्हणता, तर कुठलं? तिसरी आवृत्ती २००८ मध्ये आली, दुसरीची देखभाल १ जानेवारी २०२० ला संपली. दुसरीत कंस न लावताही प्रिंट व्हायचं, तिसरीत कंसाशिवाय एरर. ८५ मध्ये कंस धरले आहेत का?

जावाचं तर हिशेबाच्या पलीकडे गेलं आहे. २०१८ पासून तिची नवी आवृत्ती मार्च आणि सप्टेंबरमध्ये, महागाई भत्त्यासारखी दर सहा महिन्यांनी लागू होते. म्हणजे मार्चमध्ये ९० टक्के असलेला मुलगा काहीही न विसरता सप्टेंबरमध्ये ८८ वर येणार. दोन टक्क्यांचा फरक कोण भरून देणार, आणि तो थकबाकीसह मिळणार का? मुलाखतीला बसलेल्या साहेबांनी एवढंच विचारावं, की बाळा, पायथॉनमध्ये आकड्यांच्या यादीतला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा आकडा शोधून दाखव. बाळ छताकडे बघतो, पंख्याकडे बघतो, आणि मग अत्यंत प्रामाणिकपणे सांगतो, ‘सर, हे त्या पंधरामध्ये येतं.’ साहेबांनाही काही बोलायची सोय नाही. त्यांच्या जाहिरातीत फ्रेशर हवा होता, सात भाषांत तज्ज्ञ, शिवाय तीन वर्षांचा अनुभव, पॅकेज साडेतीन लाख.

पण पोरांना हसणं सोपं आहे. ही टक्केवारी त्यांनी घरी बसून शोधलेली नाही. अजूनही कित्येक कॉलेजांच्या लॅबमध्ये टर्बो सी प्लस प्लसचा तो निळा स्क्रीन उघडतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं सॉफ्टवेअर ते. सी प्लस प्लसचं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ मध्ये ठरलं, त्याच्याही आधीचं. आजच्या विंडोजवर ते सरळ चालत नाही, म्हणून डॉसबॉक्स टाकून नव्याकोऱ्या लॅपटॉपला जुन्या डॉस मशीनचं सोंग घ्यायला लावतात. मग प्रोग्रॅम जर्नलमध्ये हाताने उतरवायचा. उजव्या पानावर कोड, डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलने आउटपुट, भोवती पट्टीने आखलेली चौकट. प्रोग्रॅम नाव विचारतो, तर आउटपुटमध्ये नाव येतं तीन वर्षांपूर्वी पास होऊन गेलेल्या कुणा सीनियरचं, कारण सगळी बॅच त्याच्याच जर्नलवरून उतरवत आली आहे. साठ जर्नलांत तोच एक मुलगा, आणि खाली सरांची सही! तोंडी परीक्षेत विचारलं, की सुरुवातीला स्क्रीन पुसायची ओळ का लिहिली, तर उत्तर तयार: ‘सर, सगळे लिहितात.’ कम्पायलर बिचारा स्पष्ट सांगत असतो, की अमुक ओळीवर तमुक चुकलं आहे. मुलगा ते वाचत नाही, सरांना हाक मारतो. सरही वाचत नाहीत, शेजारच्या मुलीची फाइल पेन ड्राइव्हवर आणून देतात. चार वर्षं, लाखांनी फी, त्यासाठी गावाकडे बापाने काढलेलं कर्ज, आणि चूक वाचायला कोणी शिकवलं नाही. इथे मला विनोद सुचत नाही, संताप येतो. सेमिस्टर संपताना टर्मवर्कला २५ पैकी २२ देऊन मोकळे. २२ म्हणजे ८८ टक्के. आली ना पट्टी कुठून ते ध्यानात? मुलाने खोटं काहीच लिहिलेलं नाही. विद्यापीठाची गुणपत्रिकाच रंगवून पाठवली आहे, वर दोन-तीन टक्के स्वतःहून कमीही केले आहेत.

एवढं करून ती पट्टी वाचतं कोण? मोठ्या कंपनीत बायोडेटा आधी सॉफ्टवेअर चाळतं. त्याला अक्षरं कळतात, रंगवलेली पट्टी बऱ्याचदा दिसतच नाही. ‘पायथॉन’ हा शब्द सापडला, चला पुढे. मुलगा रुजू होतो, पेढे वाटले जातात, तो काही महिने बेंचवर बसतो, आणि शेवटी त्याला मॅनेजरची एक्सेल शीट भरायला देतात. त्यात व्हीलूकअप लागतं. ते मात्र त्याला खरंच येत नाही.