2 ऑक्टोबरला तुम्ही कुठं होता?

वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणीत खुनाचं गूढ फार टिकत नाही. गाव बोर व्याघ्र प्रकल्पाच्या तोंडाशी. प्रकल्प देशातल्या सर्वांत लहानांपैकी, पण रानात चरायला गेलेली गाय संध्याकाळी परतली नाही तर खुनी कोण, हे शेंबडं पोरगंही सांगतं. तरी वनखात्याचा माणूस येतो, ठसे बघतो, फोटो काढतो, पंचनामा करतो. खुनी ठाऊक असणं वेगळं आणि कागदावर सिद्ध होणं वेगळं, हे इथं गाईच्या मालकाला पोलिसांपेक्षा जास्त कळतं.

अशा गावात शेवटच्या पाच मिनिटांत बुरखा फाडणारे सिनेमे पुरत नाहीत. आमच्या काकू मध्यंतराआधीच बोट ठेवतात, "हाच हाय पाहा. लय गोड बोलून राहिला." आणि त्या बहुतेक वेळा बरोबर निघतात.

निशिकांत कामत यांच्या 'दृश्यम'नं (2015) मात्र काकूंना बेरोजगार केलं. खून डोळ्यांदेखत होतो. कोणी केला, का केला, सगळं समोर. मग उरलं काय? उरली ती करामत, आणि ती 'डोंबिवली फास्ट'वाल्या या मराठी दिग्दर्शकानं अशी काही रंगवली की काकूंच्या हातातली वांगी चिरायची राहिली.

गोव्यातला केबलवाला विजय साळगावकर चौथी नापास. शिक्षण सगळं सिनेमे पाहून झालेलं. (आमच्या लहानपणी सिनेमानं पोरं बिघडतात असं सांगत. इतकी हुशारीनं बिघडतात, हे कोणी सांगितलं नाही.) प्रकरण घडतं 2 ऑक्टोबरच्या रात्री. तो बायकापोरींना घेऊन पणजीला जातो दुसऱ्या दिवशी. नंतर कंडक्टर, हॉटेलवाला, थिएटरवाला अशा सगळ्यांना पुन्हा गाठतो आणि बोलता बोलता '2 तारीख' त्यांच्या डोक्यात सोडून येतो. पुढे चौकशीत एकही साक्षीदार खोटं बोलत नाही. प्रत्येकानं त्याला खरोखर पाहिलेलं असतं. तारीख तेवढी साळगावकरची. प्रेत कुठं असतं, ते मी सांगणार नाही. ती जागा सिनेमा आपल्याला आधीच दाखवून ठेवतो, आणि आपण पाहूनही पाहत नाही.

जीतू जोसेफ यांच्या मूळ मल्याळम सिनेमात (2013) तारीख ऑगस्टची होती. हिंदीत ती गांधी जयंतीला आणली. इथं वर्धेकर म्हणून माझी शंका आहे. ज्या जिल्ह्यात सेवाग्राम आहे, तिथं 2 आणि 3 ऑक्टोबरची गल्लत कोण करील? 2 ला पोरांची प्रभातफेरी असते, 3 ला घोषणा देऊन बसलेला घसा. बाकी महाराष्ट्रात दुकान बंद म्हणून तारीख ध्यानात राहते. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी, म्हणजे कागदोपत्री वर्षभर 2 ऑक्टोबरच.

पण साळगावकरनं इकडं घर केलं असतं तर पणजीचा खर्चही वाचला असता. 2 ऑक्टोबरला ग्रामसभा असते. एका गावी (नाव विचारू नका, माझी सासुरवाडी आहे) सभेचं रजिस्टर संध्याकाळी घरोघर फिरतं. मुंबईला नोकरी करणारा मेहुणाही त्या सभेला हजर असतो, वर ठरावाला अनुमोदन देतो. असा पुरावा असताना तपास करणारी पोलीस अधिकारी, तब्बूची मीरा देशमुख, काय करणार होती?

अडचण एकच. तरीही 3 तारखेला तो सहकुटुंब पणजीची बस पकडायला निघाला असता, तर स्टँडवरच्या टपरीवरून आवाज आला असता, "कुठं चालले गा भाऊ? कालच्या दिवस तं घरीच दिसले. आज पोरीयची शाळा नाही काय?" संपला सिनेमा. गाणं यायच्या आधी.

काकूंनी 'दृश्यम' पुन्हा पाहिला. एवढ्या योजनेतलं सगळ्यात अवघड काम कोणतं, असं मी विचारलं. तिकिटं जपणं? पोरींना पढवणं?

"हट्," काकू म्हणाल्या. "बायकोनं मायेरी तोंड नाही उघडलं, म्हणून वाचला तो. नाही तं गेलाच होता."