बेगमीअण्णा

अण्णा ज्या दिवाणावर झोपतात त्याच्या पोटात एक क्विंटल गहू असतो. मागे रंगकामाच्या वेळी आम्ही चौघांनी तो दिवाण सरकवायचा प्रयत्न केला. दिवाण जागचा हलला नाही, आमच्यातल्या एकाचा मणका मात्र हलला. अण्णा भिंतीला टेकून शांतपणे म्हणाले, "लोकवन आहे. दाणा भरीव असतो."

चिंचवडच्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, माझ्या समोरच्या दाराआड अण्णा आणि काकू राहतात. घर वन बीएचके. त्यातला हॉल माणसांचा, बाकी सगळं धान्याचं. माळ्यावर तांदळाच्या कोठ्या, बेडरूममध्ये ज्वारी, शोकेसमध्ये चिनी मातीच्या बरण्या आणि देवघराखाली गूळ. त्यामुळे नमस्काराला वाकलं की भक्तिभाव आपोआप गोड होतो. इमारतीने त्यांचं नाव 'बेगमीअण्णा' ठेवलं आहे. त्यांना ते ठाऊक आहे आणि ते त्याचा राग मानत नाहीत. रागसुद्धा ते बहुधा पुढच्या वर्षासाठी शिल्लक ठेवतात.

अण्णांचं वर्ष गुढीपाडव्याला सुरू होत नाही, मार्केट यार्डातून टेम्पो येतो तेव्हा सुरू होतं. एप्रिल-मे हे त्यांचे लढाईचे महिने. गच्चीवर गहू वाळत पडतो, शेजारी काकूंच्या कुरडया, सांडगे आणि उडदाचे पापड. मधोमध खुर्चीवर डोक्याला पंचा गुंडाळून अण्णा, हातात कबुतरं हाकायची काठी. त्या दोन महिन्यांत कुणाला गच्चीवर कपडे वाळत घालायचे असले तर अण्णांची परवानगी काढावी लागते. ती मिळते, पण "झटकू नका, पाणी उडेल" या अटीवर.

मग भरणी. गव्हात कडुनिंबाचा वाळवलेला पाला, तांदळाला बोरिक पावडर, तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात, चिंचेला मीठ. प्रत्येक कोठीवर खडूने तारीख. अण्णांना माणसांचे वाढदिवस आठवत नाहीत, पण हरभराडाळीचा जन्म कधीचा ते विचारा, तारीख-वार सांगतील. सोंडे आणि पोरकिडे यांचा उल्लेख ते वैयक्तिक वैऱ्यासारखा करतात. एकदा एका कोठीतून पाकोळी उडाली तेव्हा घरात तीन दिवस सुतकासारखी शांतता होती.

या सगळ्या व्यवस्थेचा एकच नियम आहे: आधी जुनं संपवायचं. नियम शहाणपणाचा आहे, पण त्याचा परिणाम जरा चमत्कारिक झाला आहे. दरवर्षी अण्णांकडे मावळातला नवा इंद्रायणी येतो. कोठी उघडली की त्याचा वास जिन्यापर्यंत येतो. पण शिजतो मात्र गेल्या वर्षीचा, कारण तो अजून संपलेला नसतो. तो संपेपर्यंत नवा जुना होतो आणि दारात पुढचा टेम्पो उभा राहतो. काकू एकदा हळूच म्हणाल्या, "नवा तांदूळ आमच्या घरात दरवर्षी येतो, ताटात काही येत नाही."

"पण एवढं कशाला, अण्णा?" असं विचारणाऱ्याला अण्णा आधी पाणी देतात आणि मग आकडे.

"२०१३ चा अन्न सुरक्षा कायदा माहीत आहे ना? माणशी महिन्याला पाच किलो धान्य. आम्ही माणसं दोन. वर्षाला झाले एकशेवीस किलो. त्यात सणवार, आलेगेले आणि 'काय सांगता येतं' या तीन खात्यांचे मिळून साठ. एकूण एकशेऐंशी."

"अहो, पण तो कायदा सरकारने पाळायचा आहे!"

"आमचं रेशनकार्ड पांढरं. पांढऱ्यावर धान्य नाही. पगार होता म्हणून पांढरं मिळालं. पगार गेला, रंग राहिला. म्हणून मी तो कायदा घरीच लागू केला."

म्हणजे अण्णांच्या घरात पुरवठामंत्रीही अण्णा, गोदामपालही अण्णा आणि लाभार्थीही अण्णाच. भ्रष्टाचाराला वाव एवढाच की दुपारी काकू झोपल्यावर ते शेंगदाण्याच्या डब्याशी सापडतात.

अण्णा भोसरीच्या एका कारखान्यात होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतली पेन्शन दोन हजार सहाशे रुपये. ते ती कुणापासून लपवत नाहीत. उलट "या योजनेत किमान पेन्शन २०१४ पासून एक हजार आहे, म्हणजे मी अडीचपट श्रीमंत," असं म्हणून स्वतःच हसतात. बँकेतली ठेव विम्याखाली पाच लाखांपर्यंतच सुरक्षित असते, आणि त्या पाच लाखांत व्याजही धरलेलं असतं, हे त्यांना बँकेच्या मॅनेजरपेक्षा आधी कळलं होतं. म्हणून त्यांच्या ठेवी तीन बँकांत आहेत आणि प्रत्येक ठिकाणी व्याजाला बसायला जागा सोडलेली आहे. कारखान्यातल्या मित्राची पै-पै एका पतसंस्थेत अडकली तेव्हा अण्णा त्याला भेटायला गेले. जाताना त्यांनी फळं नेली नाहीत, पाच किलो ज्वारी नेली. "सफरचंद दोन दिवस पुरतं," हे त्यांचं समर्थन.

मुलगी हिंजवडीला नोकरी करते. ती मोबाइल दाखवून म्हणते, "अण्णा, हे बघा, दहा मिनिटांत घरपोच येतं. कोथिंबिरीपासून सगळं."

अण्णा चष्मा वर करून बघतात. "दहा मिनिटांत येतं ते दहा मिनिटांत बंदही होतं."

बरं, ही साठवण धान्यावर थांबत असती तर गोष्ट वेगळी. पण पिशव्यांची एक पिशवी आहे, तिच्यात पिशव्याच आहेत. आइसक्रीमचे डबे आहेत, ज्यांत आइसक्रीम कधीही नसतं हे आमच्या मुलांनी फार दुःखाने शिकून घेतलं आहे. रॉकेल मिळेनासं झालं, स्टोव्ह मोडीत गेला, पण स्टोव्हच्या पिना आहेत. चौदा. मी एकदा धीर करून विचारलं, "स्टोव्हच नाही, तर पिना कशाला?" अण्णा म्हणाले, "स्टोव्ह कुठेही मिळेल हो. पिन वेळेवर मिळत नाही."

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. मीही नेत होतो. एका रात्री वीज गेली म्हणून आम्ही जिन्यात बसलो होतो, तेव्हा अण्णा आपणहून बोलले. ते मूळचे माण तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात तेरा-चौदा वर्षांचे होते. घरात पेव होतं. त्या वर्षी ते उघडलं तेव्हा आत फक्त पेव होतं. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. पोरांना सुकडी मिळायची. परदेशातून आलेला तांबडा मिलो दळून त्याची भाकरी व्हायची; ती थापताना मोडायची आणि खाताना मोडायची नाही. पुढे वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीचा १९७७ मध्ये कायदा झाला आणि मागेल त्याला काम हा महाराष्ट्रात हक्क ठरला. अण्णा त्याबद्दल फार आदराने बोलतात. म्हणूनच मला कोडं पडलं.

"म्हणजे सरकारने तुम्हाला जगवलं. मग तुमचा भरवसा का नाही?"

"भरवसा आहे की," अण्णा अंधारात म्हणाले. "सरकार येतं. पण वाट बघायला लावतं. तेवढ्या वाटेचं धान्य घरात पाहिजे."

नोटाबंदीच्या पहिल्याच आठवड्यात, नोव्हेंबर २०१६ मध्ये मीठ संपल्याची अफवा उठली आणि काही शहरांत लोक किराणा दुकानांवर तुटून पडले. ती बातमी बघताना अण्णांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी केवळ मुलीच्या लग्नात पाहिलं होतं. घरात मिठाच्या अकरा पिशव्या होत्या. पण त्यांचा खरा सुवर्णकाळ आला तो मार्च २०२० मध्ये. २४ तारखेला रात्री आठ वाजता टाळेबंदीची घोषणा झाली आणि साडेआठला अण्णांची बेल वाजली. मग ती वाजतच राहिली. ज्या इमारतीने त्यांना नाव ठेवलं होतं ती सगळी इमारत हातात वाट्या घेऊन, एकेक मीटर अंतर सोडून जिन्यात उभी राहिली.

अण्णांनी एकालाही परत पाठवलं नाही आणि एकालाही टोमणा मारला नाही. फक्त एक दोनशेपानी वही काढली. तिच्यात रकाना आखला आणि नोंदी सुरू केल्या: '१०४ – तूरडाळ, १ वाटी, सपाट.' '२०२ – साखर, २ वाट्या, शिगोशीग.' '३०१ – रवा, अर्धी वाटी.' ३०१ म्हणजे आम्ही. आमच्या हिला ती 'अर्धी' अजून खुपते.

पुढे दुकानं सुरळीत झाली आणि वाट्या परत यायला लागल्या. आता शेजारची वाटी रिकामी परत द्यायची नाही, ही आपली रीत. त्यामुळे डाळीच्या वाटीत डाळ आलीच, वर कुणी शेवया घातल्या, कुणी बेदाणे, कुणी गावाकडचे पोहे. पावसाळ्यात अण्णांनी हिशेब केला तेव्हा साठा टाळेबंदीच्या आधीपेक्षा सव्वाआठ किलोंनी वाढलेला निघाला. अण्णा अस्वस्थ झाले. "हे मी धरलेलंच नव्हतं," असं दोनदा म्हणाले.

इतकं असूनही या माणसाने कुणाकडे कधी काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. वहीत रकाना एकच होता: 'दिले'. म्हणून गेल्या वैशाखात सकाळी सातला दार उघडलं आणि समोर हातात वाटी घेतलेले अण्णा दिसले, तेव्हा मला वाटलं, रव्याची वसुली निघाली.

"विरजण आहे का?" त्यांनी जवळजवळ कुजबुजत विचारलं.

दोघं आठ दिवस गावी गेले होते. मागे फ्रीज बंद पडला आणि विरजण गेलं. बाहेरचं दही आणायचं तर अण्णांना त्याची जन्मतारीख पटेना. त्यांनी आधी दुधात मिरचीचं देठ टाकून पाहिलं होतं. दही लागलं, पण पहिला चमचा घेतल्यावर काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते थेट आमच्या दारात आले. एकशेऐंशी किलो धान्य, अकरा मीठ, चौदा पिना, तीन बँका. आणि अडलं ते चमचाभर दह्यावर. विरजण कोठीत भरून ठेवता येत नाही. ते रोज लावावं लागतं आणि चुकलं तर शेजारी मागावं लागतं, त्याला दुसरा इलाज नाही.

हिने चमचा भरून विरजण दिलं. संध्याकाळी वाटी परत आली, अर्थातच भरलेली. आत नवा इंद्रायणी होता, त्याच वर्षीचा, टेम्पोतून नुकता उतरलेला. आम्ही तो रात्रीच शिजवला. वास जिन्यात गेला. मऊ भात, वर मेतकूट आणि तूप घालून हिने दोन ताटल्या समोर नेऊन दिल्या. अण्णांनी दारातच पहिला घास घेतला आणि थांबले. काकू आतून म्हणाल्या, "किती वर्षांनी हो!"

परवा त्यांच्याकडे गेलो तर ती दोनशेपानी वही टेबलावर उघडी होती. उजवीकडे पट्टीने एक नवीन रकाना आखलेला होता. त्यावर शीर्षक 'घेतले' आणि खाली अण्णांच्या वळणदार अक्षरात एकच नोंद: '३०१ – विरजण, १ चमचा, शिगोशीग.'