सवडशास्त्र

पुतणीने बारावीचं मानसशास्त्र ऑनलाइन घेतलंय. ‘तुमच्या सवडीने शिका’ हे अभ्यासक्रमाचं ब्रीद, आणि सवड तेवढी तिला मिळत नाही.

पाठ केलेलं सुरुवातीलाच भराभर विसरतं, हे एबिंगहाउसने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून मांडलं. पुतणी त्याच्याही पुढे गेली. विसरण्याआधी पाठ करावं लागतं, ही अटच तिने काढून टाकली. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याला संकेत मिळाला की लाळ सुटायची. हिला व्याख्यान सुरू झालं की जांभई येते. व्हिडिओ दुप्पट वेगाने लावल्यामुळे फ्रॉइडसुद्धा लोकल पकडायला निघाल्यासारखा वाटतो. बक्षीस नेमकं कधी मिळेल याचा भरवसा नसला की सवय सुटता सुटत नाही, हे स्किनरने कबुतरांवर दाखवलं. हिने रील सरकवणाऱ्या अंगठ्यावर.

काल वहिनी कडाडल्या, “अगं, परीक्षा महिन्यावर आली!”

“आई, ही तुझी चिंता. माझी नाही.”

वहिनींनी हातातला चहाचा कप ओट्यावर आपटला. कान तुटला.

“विस्थापन,” पुतणी मान वर न करता म्हणाली. “राग माझा, मार कपाला.”

वर्षभरात पहिल्यांदाच तिचं उत्तर बरोबर आलं. गुण मात्र वहिनींनी दिले नाहीत.