भाच्याविना विंडोज: नवशिक्यांसाठी सोपी कृती

‘कॉम्प्युटरमधलं कळणारा’ एक भाचा प्रत्येक घराण्यात असतो. तो दिवाळीत फराळाला आला की चिवड्याच्या बशीशेजारी लॅपटॉप सरकवायचा आणि ‘जरा फॉरमॅट मारून दे रे’ म्हणायचं, ही आपली रूढ पद्धत. अडचण अशी की तो भाचा आता बंगळुरूला असतो, फोन उचलत नाही, आणि उचललाच तर ‘मामा, नवीन घ्या’ एवढंच म्हणतो. इकडे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित पाठिंबा संपला. म्हणून नवीन विंडोज टाकायची ही कृती. तिला तांत्रिक ज्ञान लागत नाही. वाचता आलं पाहिजे आणि नाही म्हणता आलं पाहिजे. पहिलं शाळेत शिकवतात.

साहित्य

• एक संगणक. किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर. तुमचा २०१५चा लॅपटॉप अजून ठणठणीत असेल, पण इथे प्रकृती बघत नाहीत, पत्रिका बघतात.

• एक पेन ड्राइव्ह, ८ जीबी किंवा मोठा, रिकामा. घरात ‘रिकामाच आहे तो’ असं ज्याबद्दल सांगितलं जातं, त्यात हमखास कुणाच्या तरी मुंजीचे फोटो असतात. उघडून बघा.

• पेन ड्राइव्ह तयार करण्यापुरता एक चालू संगणक आणि इंटरनेट.

• चार्जर. नुसता जवळ नको, लावलेला हवा.

पायरी १ : बॅकअप घ्या

‘माझं सगळं डी ड्राइव्हवर आहे’ हे वाक्य मनातून काढून टाका. सी आणि डी हे बहुतेक घरांत एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. पुढे पाचव्या पायरीत एक चुकीचं क्लिक झालं की दोन्ही जातात. जे हवं ते बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि घेतल्यावर तिथून एखादी फाइल उघडून पाहा. युनिकोडपूर्व काळातल्या फाँटमध्ये टाइप केलेली मराठी कागदपत्रं असतील तर तो फाँटही सोबत घ्या. नाहीतर आजोबांचं मृत्युपत्र उघडेल, पण त्यात नुसते कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरं दिसतील. वाटणीचा प्रश्न मात्र तसाच राहील.

पायरी २ : पेन ड्राइव्ह तयार करा

मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून ‘मीडिया क्रिएशन टूल’ उतरवा आणि सांगेल तसं करत जा. पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल. ओळखीच्या दुकानातली ‘फुल अ‍ॅक्टिव्हेटेड’ प्रत घेऊ नका. तिच्यात आणखी काय भरलं आहे, हे तो दुकानदारही सांगू शकणार नाही.

पेन ड्राइव्ह बसत नसेल तर उलटा करा. तरी बसत नसेल तर पुन्हा उलटा करा. यात तुमचा दोष नाही. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट आणि इंटेलमधले त्यांचे सहकारी यांनी यूएसबी घडवली, तेव्हा दोन्ही बाजूंनी बसणारं टोक खर्चाचं ठरलं असतं. १९९६ साली वाचवलेले ते पैसे आपण अजून मनगट फिरवून फेडतो आहोत.

पायरी ३ : पेन ड्राइव्हवरून सुरू करा

संगणक बंद करा. चालू करताच बूट मेन्यूची कळ दाबत राहा. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ-१२, एचपीवर एफ-९, असुसवर एस्केप किंवा एफ-८. एकदा दाबून ‘बघू काय होतं’ म्हणत बसू नका, टकटक चालू ठेवा. जुनंच विंडोज उघडलं तर उशीर झाला. बंद करून पुन्हा.

ही कृती तुम्ही मोबाइलवर वाचत असाल तर उत्तम. ज्या संगणकावर विंडोज टाकायचं आहे त्याच्यावरच वाचत असाल, तर इथून पुढचं आत्ताच पाठ करा.

पायरी ४ : भाषा आणि कळफलक

‘इंग्लिश (इंडिया)’ निवडा. अमेरिका निवडल्यास कधीकधी घड्याळ थेट पॅसिफिक किनाऱ्यावर जातं. तसं झालंच तर नंतर सेटिंग्जमध्ये ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली’ असा एकत्र पर्याय शोधा. मुंबई तिसरी आहे, कारण क्रम इंग्रजी वर्णमालेचा आहे. अपमान समजू नये. पुण्याचं नाव शोधू नये. मुंबईची स्वतंत्र वेळ, म्हणजे भारतीय प्रमाणवेळेहून ३९ मिनिटं मागे असलेलं ‘बॉम्बे टाइम’, १९५५पर्यंत वापरात होती. ती या यादीत नाही, तेव्हा उशिरा पोचण्यासाठी दुसरी सबब तयार ठेवा.

पायरी ५ : जुनं पुसा

‘फाइल्स, अ‍ॅप्स आणि सेटिंग्जसकट सगळं पुसलं जाईल, हे मला मान्य आहे’ अशा अर्थाच्या वाक्यापुढे टिक करावी लागते. संपूर्ण प्रक्रियेतलं हे सर्वांत प्रामाणिक वाक्य. पुढे डिस्कचे तुकडे दिसतील. काही १०० एमबीचे, काही त्याहून लहान, विंडोजने स्वतःच्या सोयीसाठी पाडलेले. डिस्क एकच असेल आणि बॅकअप तपासलेला असेल तर सगळे पुसा आणि उरलेल्या मोकळ्या जागेवर ‘नेक्स्ट’ म्हणा. डिस्क दोन असतील तर आकार बघून ओळख पटवा. इथे अंदाज चालत नाही.

पायरी ६ : थांबा

संगणक आपोआप दोन-तीनदा बंद होऊन चालू होईल. हात लावू नका. पुन्हा पहिल्यापासून भाषाच विचारू लागला तर तो बिघडलेला नाही, तो परत पेन ड्राइव्हवरून सुरू झाला आहे. पेन ड्राइव्ह काढा आणि संगणक पुन्हा सुरू करा.

पायरी ७ : खातं

आता तुमचं मायक्रोसॉफ्ट खातं मागितलं जाईल. ते दिल्यावर दोन गोष्टी घडू शकतात. पहिली, डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची ४८ आकडी किल्ली त्याच खात्यात जमा होते. ती आजच कागदावर उतरवून घ्या. पुढे कधी निळ्या पडद्यावर ती मागितली गेली आणि खात्याचा पासवर्डही आठवला नाही, तर तुमचा डेटा तुमच्यापासूनच सुरक्षित राहील. दुसरी, वनड्राइव्ह तुमचे फोटो आणि कागदपत्रं ढगात ठेवायला घेईल. फुकट जागा ५ जीबी. एका बारशाच्या व्हिडिओत ती संपते आणि मग पैसे भरण्याची आठवण येऊ लागते.

पायरी ८ : सहा प्रश्न

इथे चहा बाजूला ठेवा. आतापर्यंतची सगळी मेहनत यंत्राने केली, ही पायरी तुमची आहे. सहा प्रश्न येतील आणि सगळ्यांचं उत्तर आधीच ‘हो’ भरलेलं असेल.

१. लोकेशन. टेबलाखालचा पीसी अनेक वर्षं जागचा हललेला नाही, तो कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. नाही.

२. हरवलेलं यंत्र शोधणं. प्रवासाला जाणाऱ्या लॅपटॉपसाठी हो म्हणा, मात्र मग लोकेशनही चालू ठेवावं लागतं. इतरांनी नाही.

३. डायग्नॉस्टिक डेटा. ‘हो’ म्हटल्यास कुठली संकेतस्थळं पाहता, अ‍ॅप कशी वापरता ही माहितीही जाते. ‘नाही’ म्हटलं तरी ‘आवश्यक’ नावाचा भाग जातोच. होम आणि प्रो आवृत्त्यांत तो बंद करता येत नाही.

४. टाइप केलेलं आणि पेनने लिहिलेलं, भाषा सुधारण्यासाठी. मायक्रोसॉफ्टची भाषा सुधारण्याचं काम तुमच्याकडे नाही. नाही.

५. ‘टेलर्ड एक्स्पीरियन्सेस’. तिसऱ्या क्रमांकावर दिलेल्या माहितीवरून बेतलेल्या सूचना आणि जाहिराती. नाही.

६. जाहिरात-ओळख क्रमांक. बंद केल्याने जाहिराती कमी होत नाहीत, फक्त त्या तुम्हाला ओळखत नाहीत. नाही.

हे प्रश्न कधी विचारले जातात, ते बघा. तासभर वाट पाहून झाल्यावर, डेस्कटॉप दिसायला एकच पान उरलेलं असताना. तेव्हा माणूस किडनीलाही हो म्हणेल. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं. संमती मुक्त, विनाअट आणि स्पष्ट कृतीने दिलेली हवी, असं २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा म्हणतो. आधीच भरलेल्या ‘हो’खालचं ‘अ‍ॅक्सेप्ट’ दाबणं ही स्पष्ट कृती खरी, पण ती बहुधा कंटाळ्याची असते.

शिवाय आपल्याला नाही म्हणताना कारण द्यायची सवय. आज उपास आहे, डॉक्टरांनी बंद केलंय, हिला विचारून सांगतो. कारण सुचेपर्यंत बोट ‘हो’वर गेलेलं असतं. इथे कुणीही कारण विचारत नाही.

पायरी ९ : राहिलेले दरवाजे

सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ उघडा. कॅमेरा आणि मायक्रोफोन कुठल्या अ‍ॅपला दिला आहे ते पाहा. व्हिडिओ कॉलचं अ‍ॅप ठेवा, कॅल्क्युलेटरसारखं दिसणारं काही तिथे आढळलं तर चौकशी करा. ‘डायग्नॉस्टिक्स अँड फीडबॅक’मध्ये आजवर गेलेला डेटा पुसण्याचं बटण आहे, तेही दाबा.

शंकानिरसन

*माझ्या संगणकात टीपीएम २.० नाहीच.* विंडोजऐवजी लिनक्स मिंट किंवा उबुंटू पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघा, डिस्कला धक्का न लावता. मात्र लिनक्स म्हणजे सगळं सोवळ्यात, असंही समजू नका. २०१२च्या उबुंटू १२.१०मध्ये स्वतःच्या संगणकात काही शोधलं तरी तो शोध अ‍ॅमेझॉनपर्यंत जाई. वापरकर्ते ओरडले आणि २०१६च्या आवृत्तीत ते मुळातच बंद ठेवण्यात आलं.

*माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही.* उत्तम. पगार किती, हे शेजाऱ्यांना सांगून या. मग बोलू.

*सगळं बंद केलं, तरी ‘यंत्राची मांडणी पूर्ण करू या’ असा पडदा येतो.* येणारच. त्यावर ‘तीन दिवसांनी आठवण करून द्या’ असं बटण असतं, ‘नको’ असं नसतं. ‘नको’ दुसरीकडे ठेवलं आहे. सेटिंग्ज, सिस्टिम, नोटिफिकेशन्स, आणि अगदी तळाशी ‘अ‍ॅडिशनल सेटिंग्ज’. तिथल्या तिन्ही टिक काढा. विंडोजचं मोठं अपडेट आल्यावर परत एकदा जाऊन त्या काढलेल्याच आहेत ना, हे पाहून या.