आधी गल्लीतली बेकरी

पुण्याला निघालेल्या माणसाला हिंगोलीत हमखास सांगितलं जातं, ‘येताना कयानीची श्रुजबेरी आण.’ कयानी बेकरी पुण्याच्या कॅम्पात १९५५ पासून उभी आहे. तिचं बिस्कीट रांगेत उभं राहण्याच्या लायकीचं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती सांगणाऱ्याबद्दल. आपल्या गावात खारी कोण चांगली करतं, एवढंच त्याला विचारा. उत्तर येत नाही. घरी टोस्ट येतो तो किराणा दुकानातल्या पुड्यातून, आणि तो कुठल्या शहरात भाजला हे पाठीमागे बारीक अक्षरात छापलेलं असतं.

दुसरी तक्रार सायकलवाल्यांबद्दल. थंडी पडली की सुट्टीच्या पहाटे गिअरच्या सायकली औंढ्याच्या रस्त्याला लागतात. हेल्मेट, घड्याळ, किलोमीटरची नोंद, सगळं व्यवस्थित. नागनाथाचं दर्शन घ्यावं, पायांना व्यायाम द्यावा, उत्तमच. पण वाटेत टपरीवर थांबून खातात काय, तर कंपनीचं बिस्कीट. ज्या वस्तीतून सायकल बाहेर काढली, तिथं त्याच वेळी भट्टीतून पाव निघत होता.

दोघांनाही माझं सांगणं एकच: एका सकाळी सायकल काढा आणि या बेकरीतून त्या बेकरीत फिरा. प्रत्येक ठिकाणी थोडंसं घ्या, खा, पुढे निघा.

हिंगोलीसारखं गाव यासाठी फार सोयीचं. निजामाच्या राज्यात इथं हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. ती फौज १९०३ मध्ये मोडली, तरी पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावं आजही रोजच्या बोलण्यात आहेत. अशा जुन्या वस्त्यांच्या गल्ल्यांत चारचाकी अडते. पायी निघालं तर दुसरी बेकरी येईपर्यंत पहिलीची चव जिभेवरून गेलेली असते. सायकलवर मात्र वास आधी येतो, पाटी नंतर दिसते. गोव्यात पोदेर भोंपू वाजवत सायकलवरून दारोदार पाव पोचवतो. आपल्याकडे गिऱ्हाइकानं सायकल काढावी.

चव कशी घ्यायची यावर माझं ठाम मत आहे. केक आणि क्रीमरोलला आधी हात लावू नका. साखर आणि इसेन्सखाली बेकरीवाल्याचे सगळे दोष झाकले जातात. सुरुवात साध्या टोस्टपासून करा. पाव कापून दुसऱ्यांदा भाजला की टोस्ट होतो. त्यातलं पाणी निघून जातं, म्हणूनच तो कित्येक दिवस टिकतो. चांगला टोस्ट मधोमधही खुटकन मोडतो. मधे चिवट लागला तर दुसरी भाजणी घाईत उरकलेली आहे. मग खारी. मैद्याच्या पोळीत वनस्पती तूप भरून घडीवर घडी घालायची, मधेमधे पीठ मुरू द्यायचं, हे वेळखाऊ काम आहे आणि ते खारी मोडताच दिसतं. थर सुटे, हलके असले पाहिजेत. खाऊन झाल्यावर टाळूला मेणचट थर बसला तर त्या बेकरीत वनस्पती हलक्या प्रतीचं वापरतात असं समजा आणि तसं विचाराही. वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटवर २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे. गिऱ्हाइकानं डबा दाखवायला सांगितला तर दुकानदाराला राग येण्याचं कारण नाही. शेवटी नानकटाई. तिच्यात यीस्ट नसतं, तुपावरच सगळा खेळ, आणि वरच्या भेगा बघूनच भाजणीचा अंदाज येतो. एकच जिन्नस सगळ्या बेकऱ्यांत खा. इथं टोस्ट आणि तिथं पॅटिस खाऊन तुलना होत नाही.

नानकटाईशी तर आपल्या घरांचं जुनं नातं. दिवाळीच्या आधी मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बायका बेकरीवर जात आणि भाजणावळ देऊन डबे भरून घरी आणत. माल आपला, भट्टी त्याची. आपलं तूप किती पडलं हे डोळ्यांनी दिसत होतं. ही पद्धत जिथं टिकली आहे तिथं ती टिकवा.

आता बेकरीवाल्यांना दोन शब्द. उघड्या ट्रेवर माश्या बसू देऊ नका आणि माल कधी केला ते पाटीवर लिहा. राहिला प्रश्न सरकारी मदतीचा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ‘एक जिल्हा एक उत्पादन’मध्येही हिंगोलीला हळदच आहे, त्यामुळे योजना म्हणजे हळदवाल्यांच्या असा समज झाला आहे. तो चुकीचा आहे. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत कर्ज काढून घेतलेल्या यंत्रसामग्रीच्या खर्चावर ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत अनुदान आहे आणि बेकरीही त्यात बसते. कृषी कार्यालयात जाऊन विचारा. लाकडाची भट्टी बदलायला याहून चांगली संधी नाही. मुंबईत उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे जायला सांगितलं. तो आदेश आपल्याकडचा नाही, पण धूर सगळीकडचा सारखाच. लाकडाच्या चवीचं कौतुक करणाऱ्यानं मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, एक रात्र त्या भट्टीसमोर काढावी. कामगाराची छाती चवीपेक्षा मोठी आहे.

कळमनुरी, सेनगाव, वसमत, औंढा, तालुक्याच्या प्रत्येक गावी हे करता येईल. उन्हाळ्यात नको, थंडीत निघा. उजाडायच्या सुमाराला, कारण चांगला घाणा लवकर संपतो. कापडी पिशवी घ्या, सुटे पैसे घ्या, फुकट चाखायला मागू नका, विकत घेऊन खा. आणि जिथली खारी आवडेल त्या बेकरीचं नाव शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगा.