इंजिन बंद, आराम चालू

वस्तादाला फोन करून 'कुठं आहात?' असं विचारू नये. ऑफिसातला पोरगा मात्र विचारतो, दर दोन तासांनी विचारतो, आणि तेही समोरच्या पडद्यावर गाडीचा हिरवा ठिपका पेठनाक्याजवळ सरकताना स्वच्छ दिसत असताना. वस्ताद शांतपणे सांगतो, "गाडीत हाय, साहेब." पोरगा वयानं त्याच्या धाकट्या मुलाएवढा आहे. वस्ताद मनापासून साहेब म्हणतो तो फक्त आरटीओला. बाकी कुणाला म्हणाला, की त्यानं ओळखावं, आपलं काहीतरी चुकलंय.

हा वस्ताद तुम्हाला चाकणपासून बेंगळुरूपर्यंत कुठल्याही धाब्यावर भेटेल. नाव निरनिराळं, गाव बहुधा माण, खटाव नाहीतर आटपाडीकडचं. जिथं पाऊस पडत नाही तिथून ड्रायव्हर निघतात, हा भूगोल ट्रान्सपोर्टवाल्यांना पाठ असतो. पन्नाशी उलटलेली, खिशात तंबाखूची पुडी नि चुन्याची डबी, आणि खिडकीच्या उन्हानं उजवा हात डाव्यापेक्षा दोन छटा काळा. राष्ट्रीय महामार्गांचे नंबर सरकारनं 2010 साली बदलले आणि आपला 4 नंबर 48 झाला, ही बातमी त्याच्यापर्यंत पोचलेली आहे. त्यानं ती मंजूर केलेली नाही.

पोरग्याच्या ऑफिसला 'कंट्रोल टॉवर' म्हणतात. हा टॉवर बॅटरीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आहे. पोरगा हुशार आहे, इंजिनिअर आहे, गाडीच्या सरासरी वेगापासून डिझेलच्या टाकीतल्या थेंबापर्यंत सगळं त्याला खुर्चीतून दिसतं. ट्रकच्या केबिनमध्ये मात्र तो आजवर एकदाच चढलाय, तेही दसऱ्याला पूजा करताना फोटोसाठी. गाडी सुटायच्या आधी तो वस्तादाच्या मोबाइलवर ट्रिपचा आराखडा पाठवतो. चाकणहून रात्री 10 ला निघणे, मध्यरात्रीनंतर खंबाटकी, अडीच वाजता उंब्रजच्या आसपास अर्धा तास विश्रांती. वस्ताद तो आराखडा पूर्ण वाचतो. 'वाचला' म्हणून अंगठाही पाठवतो. मग मोबाइल डॅशबोर्डवर गणपतीशेजारी उभा करतो आणि आपल्या मनातल्या आराखड्यानं निघतो.

अडीच वाजता मोबाइल बोंबलायला लागतो. पाठोपाठ पोरग्याचा फोन.

"काका, ॲप सांगतंय, थांबा. साडेचार तास झाले."

"ॲपला म्हनावं, खाली उतर आन् टायरं राख. मग थांबतो."

यात वस्तादाचा हेकटपणा आहेच, पण हिशेबही आहे. ॲपनं निवडलेली जागा म्हणजे एका बंद शोरूमसमोरचा कडेचा पट्टा. उजेड नाही, माणूस नाही. कडेला उभ्या गाडीवर मागून येणारा कधी चढेल त्याचा भरवसा नाही. शिवाय अशा जागी झोपलं की सकाळी टाकी हलकी झालेली असते. डिझेल काढणारी मंडळी रबरी नळी आणि कॅन घेऊन याच पट्ट्यावर हिंडतात, आणि त्यांचा अनुभव कुठल्याही ॲपपेक्षा दांडगा आहे. वस्तादाला थांबायला धाबा लागतो. तोही कसा, तर पटांगणात दहा-बारा गाड्या आधीच उभ्या पाहिजेत, रखवालदार म्हातारा पाहिजे (तरुण झोपतो), आणि गाड्यांत निदान दोन तामिळनाडूच्या पाहिजेत. "ती मानसं खात्री केल्याबिगर थांबत न्हाईत," हे त्याचं निरीक्षण. डाळ कशी आहे हे तो सगळ्यात शेवटी विचारतो.

धाब्यावर उतरला की तो आधी चहाकडे जात नाही. सीटमागची टामी काढतो आणि गाडीभोवती फेरी मारतो. प्रत्येक टायरवर एक ठोका. भरलेला टायर टणकन बोलतो, टामी हातातून उसळते. मागच्या जोडीतल्या आतल्या टायरवर ठोका जरा तिरका, लांबून घालावा लागतो, आणि हवा कमी असली की तो आतल्या आत 'धब्ब' करतो, पिचकं कलिंगड थापटल्यागत. मग वस्ताद खाली बसतो आणि हबला हाताची पालथी बाजू लावतो. तळवा लावत नाही, तो घट्ट्यांनी बहिरा झालाय. तापलेलं हब त्याला दोन सेकंदांत कळतं. चार पावलं मागं मोबाइल धरून उभी असलेली नवी पिढी म्हणते, आता टायरचे सेन्सर मिळतात. मिळतात, पण ते बसवायचे पैसे मालकानं द्यायचे असतात आणि टामी वस्तादाची स्वतःची आहे.

पूर्वी या फेरीत बॅटरी धरायला क्लीनर असायचा. तो गाडी पुसायचा, ताडपत्री ताणायचा, भाकरी बांधून घ्यायचा, पण त्याचं खरं काम रात्री दोननंतरचं: वस्तादाशी बोलत राहणं. गावाकडची भांडणं, कुणाची सोयरीक मोडली, विहिरीला पाणी किती. खर्च वाचवायचा म्हणून बऱ्याच मालकांनी क्लीनर कमी केला. त्याच्या जागी काचेवर कॅमेरा आला. तो ड्रायव्हरचे डोळे मिटले की ओरडतो, जांभई दिली की ओरडतो आणि ऑफिसला कळवतो. कॅमेऱ्याला तंबाखू मळून देता येत नाही, हा वस्तादाचा पहिला आक्षेप. दुसरा जास्त गंभीर आहे. वस्ताद गावच्या भजनी मंडळात आहे आणि झोप लांब ठेवायला तो रात्रभर मोठ्यानं अभंग म्हणतो. आलाप घ्यायला तोंड उघडलं की कॅमेऱ्याच्या खात्यात जांभई जमा. कराड ते कोल्हापूर एवढ्या टप्प्यात त्याच्या नावावर 41 जांभया लागल्या तेव्हा पोरग्यानं घाबरून फोन केला.

"काका, गाडी बाजूला घ्या! तुम्ही प्रचंड झोपेत आहात."

"झोपंत न्हाय, भैरवीत हाय."

इथवर वाचून वस्तादाची बाजू घेण्याचा मोह होईल. थोडं थांबा. अनुभव नावाच्या वस्तूत किती भंगार असतं हेही त्याच्याच केबिनमध्ये पाहायला मिळतं. त्याचा लाडका धाबा रस्तारुंदीच्या कामात दुभाजकाच्या पलीकडे गेलाय; तरी हा चार किलोमीटर पुढं जाऊन, वळसा घालून, पुन्हा मागं येऊन तिथंच चहा पितो, आणि ॲप लांबचा रस्ता दाखवतं म्हणून ॲपला नावं ठेवतो. 'मला झोप येत नाही' हे त्याचं पेटंट वाक्य. क्लीनर असतानाची गोष्ट सगळ्या नाक्यांवर माहीत आहे. तवंदी घाटात क्लीनर किंचाळला, "वस्ताद, डोळं!" आणि वस्ताद दचकून म्हणाला, "मिटलं न्हवतं रं, इसावा देत हुतो." झोपेवर त्याचे इलाज तीन: गार पाणी, हिरवी मिरची आणि मालकाला शिव्या. तिन्हींचा अंमल वीसेक मिनिटं टिकतो, त्यातल्या त्यात शिव्यांचा जास्त.

आणि एक गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही. परतीला कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. तिथं गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवायचं, हा धडा वस्तादाला त्याच्या वस्तादानं दिलेला. न्यूट्रलमध्ये इंजिनचा अटकाव राहत नाही, सगळं वजन ब्रेकवर येतं, लायनर तापतात आणि तापलेला ब्रेक ऐन वेळी धरत नाही. त्या उतारावर किती घरं उजाडली हे पुण्यात कुणालाही विचारा. मशीन तिथं 'न्यूट्रल' म्हणून ओरडतं तेव्हा मशीनचं खरं असतं. वस्ताद हल्ली तिथं गिअर टाकतो. मशीनचं ऐकून नव्हे, सुनेनं शपथ घातली म्हणून, असं तो सांगतो.

विश्रांतीच्या बाबतीत सरकारनं मात्र काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. संसदेनं 1961 सालीच मोटार परिवहन कामगार कायदा करून टाकला: दिवसाला 8 तास काम, सलग 5 तासांपेक्षा जास्त नाही, मग किमान अर्धा तास विसावा. तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला होता. एक गाडी, एक ड्रायव्हर आणि एक कर्ज एवढाच ज्यांचा पसारा, त्यांच्या दारावरून तो निघून गेला. तो कायदा वस्तादापेक्षा वयानं थोरला. दोघांची गाठ कधी पडली नाही. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम नि जड मालट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, त्यावर वस्तादाचं मत, "गारव्यात तर आनिक झोप लागंल." पंपांवर 'अपना घर' नावाचे निवारे निघाले. खाट, अंघोळ, स्वयंपाकाची सोय, आणि खाट ॲपवरून राखून ठेवायची. सोय चांगली आहे, मी पाहिलीय. पण वस्ताद खाटेवर पडला तरी त्याचे कान बाहेर गाडीपाशीच असतात. बॅटरी, स्टेपनी, ताडपत्री नि दोरखंड यांच्यासाठी खाट अजून निघालेली नाही.

माझ्या मते झोपेचा विचार खऱ्या अर्थानं कुणी केला असेल तर तो जीएसटी खात्यानं, तोही नकळत. ई-वे बिलाची मुदत 2021 पासून 200 किलोमीटरला एक दिवस अशी झालीय. त्या हिशेबानं चाकण-बेंगळुरूला पाच दिवस मिळतात. माल पाठवणारी कंपनी देते तीस तास. कर गोळा करणारं खातं ज्याला पाच दिवसांचा प्रवास समजतं, तो कारखान्याचा पर्चेसवाला सव्वा दिवसात मागतो, आणि मग रात्री अडीचला जागं कोणी राहायचं यावर ॲप आणि वस्ताद एकमेकांशी भांडतात.

या भांडणाची खरी जागा रस्त्यावर नाहीच; ती कारखान्याच्या गेटवर आहे. माल भरायला वस्ताद सकाळी नऊला रांगेत लागतो. गाडी भरून कागद हातात पडतात रात्री नऊला. मधले बारा तास तो केबिनमध्ये असतो. दर अर्ध्या तासाला रांग एक गाडीभर पुढं सरकते, तेव्हा त्यालाही सरकावं लागतं, नाहीतर मागचा आत घुसतो. ड्रायव्हरांना आतल्या संडासात प्रवेश नाही. गेटवर सेफ्टी शूज मागतात म्हणून शेजारच्या गाडीवाल्याचे पायाला न बसणारे बूट घालून उभं राहायचं, नंबर पुकारला की पळायचं. वर उन्हानं तापलेला केबिनचा पत्रा. या बारा तासांत इंजिन मात्र बहुतेक वेळ बंद असतं. आणि इंजिन बंद म्हणजे ड्रायव्हर आराम करतोय, असं ॲपला शिकवलेलं आहे. रात्री नऊला पडद्यावर उमटतं: विश्रांती 11 तास 20 मिनिटं, चालक ताजातवाना, प्रवासास योग्य. शेजारी हिरवी खूण.

वस्तादानं हे पोरग्याला सांगून पाहिलं.

"साहेब, मी सकाळधरनं जागा हाय."

"पण काका, सिस्टीममध्ये गेटवर थांबण्याचा कॉलमच नाहीये."

"मग कशाचा हाय?"

"रनिंग आणि रेस्ट."

वस्तादानं बराच वेळ विचार केला. "मंग हाजरी तर रनिंगमधी घाल. बूट घालून पळत हुतो की."

पोरग्याला ते पटलं, हे नमूद केलं पाहिजे. त्यानं वर दोन मेल केले. उत्तर आलं की सूचना नोंदवून घेतली आहे. तो स्वतः तेव्हा सलग दुसऱ्या रात्रपाळीवर होता, कारण जोडीदार रजेवर. त्याच्या जांभया मोजायला कॅमेरा नव्हता, त्यामुळं कंपनीच्या दृष्टीनं तो एकदम ताजा होता.

गेल्या वर्षी वस्तादाच्या ट्रान्सपोर्टवाल्यानं रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम केला. ऑफिसच्या हॉलमध्ये खुर्च्या, बॅनर, समोशांची पाकिटं. सिस्टीमनं काढलेल्या यादीत 'विश्रांतीचे नियम सर्वोत्तम पाळणारा चालक' म्हणून वस्तादाचं नाव पहिलं आलं. त्या तिमाहीत एका गेटवर त्याची गाडी चार दिवस अडकून पडली होती. चार दिवसांचा तो सगळा आराम मशीननं इमानानं जमा केला होता. पोरग्याला हे ठाऊक होतं, त्यानं यादी वाचताना वस्तादाकडं बघायचं टाळलं. मालकानं शाल घातली, फ्रेम केलेलं सर्टिफिकेट दिलं, फोटो झाला. खाली उतरल्यावर वस्तादानं फ्रेम उलटीसुलटी करून पाहिली, काच बोटानं पुसली आणि पोरग्याला बाजूला घेऊन विचारलं,

"ह्ये गेटवर दावलं, तर नंबर लवकर लागतो का?"