ग्रामीण शैलीचे उपकार

मे २०२२ मध्ये भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष चंद्रकांत पाटील यांनी खासदार सुप्रिया सुळे यांना राजकारण सोडा, घरी जा आणि स्वयंपाक करा, असा सल्ला दिला. विषय ओबीसी आरक्षणाचा होता. पण भुकेल्या माणसाला विषयाचे भान कुठून राहणार? महिला आयोगाने खुलासा मागितला. तेव्हा कळले की ही ग्रामीण भागातली बोलण्याची पद्धत आहे, अपमानाचा हेतू नव्हता. आम्हा भंडाऱ्याच्या लोकांचा ऊर भरून आला. खेड्यातल्या बोलण्याची मुंबईत एवढी कदर!

आता ग्रामीण भागाचे नाव निघालेच आहे, तर थोडी भर घालतो. आमच्याकडे धानाची रोवणी बायाच करतात, दिवसभर चिखलात वाकून. संध्याकाळचा स्वयंपाकही त्यांच्याच हातचा. पण त्यांना ‘घरी जा’ म्हणायला बांधावर कोणी येत नाही. रोवणी अडेल ना. हा सल्ला बाई खुर्चीवर बसली की मगच सुचतो.

त्यामागे केवढा जिव्हाळा असतो, ते पानठेल्यावर ऐकावे. सरपंच पुरुष असला तर लोक रूक्षपणे विचारतात, रस्त्यात किती खाल्ले? २०११ पासून गावच्या निम्म्या जागा बायांसाठी राखीव झाल्या आणि चर्चेची पातळी उंचावली. सरपंचबाई तहसीलला कोणाच्या गाडीवर बसून गेली, साडी कोणती होती, घरी पोरांना कोण जेवू घालते, सगळी आस्थेने चौकशी होते. पुरुष सरपंचाच्या गाडीवर मागे कोण बसले होते, हे आजवर कोणी विचारलेले नाही. तो बिचारा रस्त्याच्या हिशेबातच मरतो.

यात पक्षभेदही नाही. उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेचे अरविंद सावंत यांनी २०२४ च्या विधानसभा प्रचारात विरोधी युतीच्या उमेदवार शायना एन. सी. यांच्यासंदर्भात ‘इम्पोर्टेड माल’ हे शब्द वापरले. दिलगिरी पाटलांनीही व्यक्त केली, सावंतांनीही. महाराष्ट्रात इतके सर्वपक्षीय एकमत दुसऱ्या कशावर दिसते?

भंडाऱ्याने मात्र कायमचा तोडगा काढला आहे. १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब आंबेडकरांना हरवणारे भाऊराव बोरकर वारले आणि १९५५ मध्ये त्यांच्या पत्नी अनुसयाबाई इथून लोकसभेत गेल्या. त्यानंतर २०२४ पर्यंतच्या एकाही लोकसभा निवडणुकीत आम्ही बाईला निवडून दिलेले नाही. त्यामुळे इथल्या खासदारबाईंना कोणी स्वयंपाकघरात धाडल्याचा डाग जिल्ह्यावर नाही.